पीएचडी करायची म्हणजे नेमकं काय करायचं? नाशिकमधून सुरुवात करणाऱ्यांसाठी

पीएचडीबद्दल विचारायला येणाऱ्या मुलामुलींचे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. पेट म्हणजे प्रवेश परीक्षा कधी आहे, कोणत्या गाईडकडे जागा आहे, फेलोशिप मिळेल का, किती वर्षं जातील. प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरं पुढे देतेच. पण ‘मला अमुक गोष्ट कळत नाही आणि ती शोधून काढायची आहे’ असं म्हणत येणारं माणूस फार क्वचित भेटतं. पीएचडीत पुढे ज्या अडचणी उभ्या राहतात, त्यांतल्या बऱ्याचशा माझ्या मते इथेच रुजलेल्या असतात.

बारावीपासून एम.ए., एम.एस्सी.पर्यंत जे प्रश्न आपण सोडवतो, त्यांचं उत्तर कोणाला तरी आधीच माहीत असतं. पेपर काढणाऱ्याला माहीत असतं, तपासणाऱ्याला माहीत असतं. पीएचडीत ते कोणालाच माहीत नसतं, गाईडलाही नाही. आजवर कोणी न विचारलेला, किंवा विचारूनही अर्धवट सोडलेला एक छोटा प्रश्न घ्यायचा, त्याचं उत्तर पुराव्यानिशी काढायचं आणि ते उत्तर त्या विषयातल्या जाणकारांपुढे टिकतं हे दाखवायचं. सगळी पीएचडी एवढीच आहे. बाकीचे फॉर्म, समित्या आणि फिया त्याभोवतीची व्यवस्था.

नाशिकमध्ये राहून करायची तर कुठे?

इथे पहिला गोंधळ होतो. शहरात दोन सरकारी विद्यापीठांची मुख्यालयं आहेत, तरी कला, वाणिज्य, विज्ञान आणि अभियांत्रिकीतल्या बहुतेकांच्या पदवीवर नाव तिसऱ्याच विद्यापीठाचं असतं. गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धनला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ सालचं. म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, १९९८ सालचं. वैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग अशा विषयांचं संशोधन तिकडे. मात्र केटीएचएम, एचपीटी-आरवायके यांसारखी महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला संलग्न आहेत. अशा महाविद्यालयांत ठरावीक विषयांची मान्यताप्राप्त संशोधन केंद्रं असतात. तुम्ही काम नाशिकच्या केंद्रात करता, नोंदणी आणि पदवी पुणे विद्यापीठाची. शेतीशास्त्रात करायची असेल तर वाट राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे जाते. खासगी विद्यापीठांची प्रक्रिया त्यांची त्यांची असली, तरी किमान नियम सगळ्यांना यूजीसीचेच, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचेच, लागू.

एक गैरसमज मात्र आजच काढून टाका. ‘मुक्त विद्यापीठ’ हे नाव ऐकून अनेकांना वाटतं की घरबसल्या पत्रव्यवहाराने पीएचडी होते. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीनुसार दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएचडी करता येत नाही. नोकरी सांभाळून अर्धवेळ करता येते, त्यासाठी कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. पण केंद्रात यावं लागतं, कोर्सवर्क करावं लागतं, समितीपुढे उभं राहावं लागतं. आणि पीएचडीला कमीत कमी तीन वर्षं लागतातच. एका वर्षात ‘करून देतो’ असं कोणी सांगितलं, तर ती पदवी नाही, फसवणूक आहे. अशा ठिकाणी पैसे भरून बसलेली माणसं पाहिली की फार वाईट वाटतं, कारण त्यात बहुतेक वेळा शिक्षकी पेशातली, पगारातून पै-पै साठवणारी माणसं असतात.

प्रवेशाचं दार

दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी ५५ टक्क्यांनी, किंवा चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी. मागासवर्गीय, नॉन-क्रीमी लेयर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना पाच टक्क्यांची सूट. त्यानंतर एकतर विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा, जिला आपण पेट म्हणतो, किंवा नेट ही देशपातळीवरची पात्रता परीक्षा. विद्यापीठाच्या परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. तिथे परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफसह (म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिपसह) पात्र, जेआरएफविना सहायक प्राध्यापक व पीएचडी प्रवेशासाठी पात्र, आणि फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र. शेवटच्या दोन गटांतले गुण पीएचडी प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात, हे अनेकांना उशिरा कळतं.

पैशांचं बोलायला लाजू नये. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ फेलोशिप, झाल्यावर ४२,००० रुपये, हे २०२३ पासूनचे दर आहेत. नाही मिळाली तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती आपापल्या लक्ष्यगटासाठी आहेत. त्यांच्या जाहिराती वेळच्या वेळी येतीलच असं धरून घराचा हिशेब मांडू नका. पहिलं वर्ष फेलोशिपशिवाय निघेल का, हा प्रश्न घरच्यांसोबत बसून आधी सोडवा. नाशिकमध्ये आईवडिलांच्या घरी राहून संशोधन करणाऱ्याला आणि सुरगाण्याहून येऊन खोली घेणाऱ्याला हा प्रश्न सारखा नसतो. मार्गदर्शनाच्या कार्यक्रमांत या फरकाबद्दल फारसं कोणी बोलत नाही, आणि ते मला खटकतं.

विषय आणि प्रश्न यांत फरक आहे

आता खऱ्या कामाचं. समजा एक विद्यार्थिनी अर्थशास्त्रात एम.ए. झाली आहे, गाव निफाड तालुक्यात, घरी कांदा. ती विषय घेऊन येते: ‘नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादक शेतकऱ्यांच्या समस्या: एक अभ्यास’. अशा शीर्षकाचे प्रबंध कपाटांत भरपूर सापडतील. शीर्षकात चूक काही नाही, पण त्यात प्रश्नही नाही. ‘समस्या’ म्हणजे बियाणं, पाणी, मजूर, भाव, साठवण, निर्यात सगळंच. जिल्ह्यात तालुके पंधरा. असा अभ्यास संपत नाही, फक्त थांबवावा लागतो.

मग तिला विचारत जायचं. तुला स्वतःला यातलं काय कळत नाही? ती म्हणते, “उन्हाळ कांदा चाळीत साठवला तर टिकतो. तरी आमच्या गल्लीतले काहीजण काढला की लगेच लासलगावला नेऊन विकतात, भाव पडलेला असतानासुद्धा. आणि काहीजण दिवाळीच्या तोंडापर्यंत थांबतात. असं का?”

हा प्रश्न झाला. लाल कांदा साठवणीत टिकत नाही, तेव्हा खरिपाचा कांदा अभ्यासातून आपोआप बाहेर गेला. उरला फक्त उन्हाळ. उरला एकच निर्णय: विकायचा की थांबायचं. आता अंदाज बांधता येतात. ज्याच्याकडे स्वतःची चाळ नाही तो थांबूच शकत नाही, हा एक. ज्याच्यामागे कर्जफेडीचा तगादा आहे तो चाळ असूनही थांबत नाही, हा दुसरा. ज्याचा कांदा मागच्या वर्षी चाळीत सडला त्याची हिंमत होत नाही, हा तिसरा. या अंदाजांना संशोधनात गृहीतकं म्हणतात, आणि ती खोटी ठरण्याची शक्यता असेल तरच कामाची. ‘कांदा उत्पादकांना अडचणी येतात’ हे कधीच खोटं ठरणार नाही, म्हणून त्यातून काही शिकताही येणार नाही.

पुढे तुलना. निफाड कालव्याच्या पाण्याचा तालुका, येवला अवर्षणप्रवण. दोन्हीकडे कांदा होतो, दोन्ही लासलगावच्या टप्प्यात. म्हणजे बाजार बराचसा सारखा, पाण्याची आणि पैशाची स्थिती वेगळी. पुरावा कुठून आणायचा? बाजार समितीकडे रोजची आवक आणि दर असतात. शेतकऱ्याकडे हिशेबपट्ट्या असतात. कोणत्या तारखेला किती माल कोणत्या भावाने गेला ते त्यावर लिहिलेलं असतं. बाकीचं बोलून, चाळी पाहून.

बघा, सुरुवातीच्या शीर्षकात अख्खा जिल्हा होता आणि काहीच हाती लागत नव्हतं. आता दोन तालुके आणि एक निर्णय आहे, आणि त्या निर्णयातून कर्ज, साठवण आणि बाजार यांबद्दल बरंच काही कळू शकतं. प्रश्न लहान केल्याने काम हलकं होतं असं अनेकांना वाटतं, म्हणून ते घाबरतात. मी उलट सांगेन: लहान प्रश्नाला खोल जावंच लागतं, पळवाट राहत नाही.

हेच इतर विषयांतही. पांडवलेण्यांवर ‘सातवाहनकालीन संस्कृती’ असा विषय घेण्यापेक्षा तिथल्या ब्राह्मी लेखांत कोणकोणत्या व्यवसायांचे लोक दान देतात, एवढंच घेतलं तरी वर्षं पुरणार नाहीत. नांदूर मध्यमेश्वरला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं, राज्यातलं ते पहिलं ठिकाण. तिथल्या ‘पक्षीजीवना’पेक्षा पाण्याची पातळी आणि एकाच जातीच्या पक्ष्यांचं खाणं यांचा संबंध हा हाताला येणारा प्रश्न आहे.

आपला प्रश्न आधी कोणी सोडवलाय का, हे कसं कळायचं? शोधगंगा नावाचं संकेतस्थळ आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडून चालवलं जातं, आणि देशभरातल्या विद्यापीठांतले प्रबंध त्यावर फुकट वाचता येतात. नोंदणीच्या आधी आपल्या विषयाजवळचे चार-पाच प्रबंध पूर्ण वाचा. नुसता निष्कर्ष वाचू नका. पद्धतीचं प्रकरण वाचा, प्रश्नावली बघा, त्यांनी काय सोडून दिलंय ते टिपा. जुनी मराठी पुस्तकं आणि नियतकालिकांसाठी आपलं सार्वजनिक वाचनालय आहेच, १८४० पासूनचं. आणि पुण्याच्या जयकर ग्रंथालयाची एखादी फेरी कोणाला चुकत नाही.

गाईड

नियमाप्रमाणे एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून ‘जागा नाही’ हे उत्तर इतक्यांदा ऐकू येतं. त्यात कोणाचा राग नसतो.

जागा मिळते म्हणून कोणाचंही नाव घेणं मात्र महागात पडतं. ज्यांच्याकडे जायचंय, त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना भेटा. लिहिलेलं प्रकरण किती दिवसांत वाचून परत मिळतं? विषयावर वाद घालता येतो का? घरची, कार्यालयातली कामं सांगितली जातात का? हे तिसरं विचारायला अवघड वाटतं, तरी विचारा. नावाजलेल्या पण न वाचणाऱ्या गाईडपेक्षा साधा पण प्रत्येक पान वाचणारा गाईड कितीतरी पटींनी चांगला. सर असोत की मॅडम, त्यांच्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नये. भेटीच्या दोन दिवस आधी दोन पानं पाठवावीत, भेटीत त्यांवर बोलावं आणि निघताना काय ठरलं ते ईमेलने लिहून कळवावं. पुढे कधी मतभेद झाले तर हाच कागद कामी येतो.

नोंदणीनंतरची वर्षं

आधी कोर्सवर्क: किमान १२ क्रेडिट, त्यात संशोधन पद्धती आणि प्रकाशनाची नीतिमत्ता असते, आणि ५५ टक्के मिळवावे लागतात. अनेकजण ते उरकून टाकतात. संख्याशास्त्र तिथेच नीट शिकून घ्या. तिसऱ्या वर्षी पैसे देऊन कोणाकडून तक्ते करून घेण्याची वेळ आली, तर व्हायवाला, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेला, त्या तक्त्यांवर बोलता येत नाही. मग सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, समितीपुढे मांडायचा, मान्यता घ्यायची. त्यानंतर दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती दाखवायची.

कागदावर हे सरळ दिसतं. प्रत्यक्षात वेळापत्रक आपल्या हातात नसतं, आणि हे आधी समजून घेतलं तर बराच मनस्ताप वाचतो. आपल्या कांद्याच्या उदाहरणात उन्हाळ कांद्याची काढणी साधारण मार्च ते मे. त्याच दिवसांत लग्नसराई. शेतकऱ्याला बोलायला वेळ कुठून असणार? खरे निर्णय पुढे, पावसाळ्यात चाळी फोडताना होतात. म्हणजे सिनॉप्सिसची मान्यता दिवाळीत आली, तर त्या वर्षीचा हंगाम गेला. तीन वर्षांच्या हिशेबात हंगाम दोनच हाती लागतात. म्हणून वेळापत्रक विद्यापीठाच्या सत्रांवरून आखू नका, तुमच्या साहित्यावरून आखा. रुग्णांवर काम असेल तर ओपीडीच्या दिवसांवरून, शाळांवर असेल तर परीक्षांच्या सुट्ट्यांवरून.

त्यातून जग मध्येच बदलतं. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबरात निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली. ज्याने पहिल्या मुलाखती त्याआधी आणि दुसऱ्या त्यानंतर घेतल्या, त्याची दोन वर्षं एकमेकांशी थेट तोलताच येणार नाहीत. अशा वेळी विद्यार्थी हताश होतात, सगळं वाया गेलं म्हणतात. वाया जात नाही. बंदीच्या बातमीनंतर कोण घाईने विकायला धावलं आणि कोण थांबलं, हा त्याच प्रश्नाचा आणखी धारदार भाग आहे. पण तो प्रबंधात उघडपणे मांडावा लागतो, समितीला सांगावा लागतो. गृहीतक खोटं ठरलं तर तेही तसंच लिहायचं. कर्जाचा तगादा हे कारण निघालंच नाही, खरं कारण चाळीतली घट निघाली, तर तो निकालच आहे. आकडे ओढूनताणून अंदाजाला जुळवणं हीच एक गोष्ट क्षमा करण्यासारखी नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी माणूस एकटा पडतो. सोबतचे नोकरीला लागलेले असतात, घरी येणारा प्रत्येक पाहुणा “अजून झालं नाही का?” विचारतो, आणि दाखवायला हातात काही नसतं. मुलींच्या बाबतीत त्यावर लग्नाचा, मग बाळंतपणाचा प्रश्न येऊन बसतो. नियमांत त्यासाठी तरतूद आहे, ती माहीत असू द्या. एकूण मुदत सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी दोन, आणि महिला व ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना त्यावर आणखी दोन, म्हणजे जास्तीत जास्त दहा. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही मिळते. सासरच्यांना ‘आता सोडून दे’ म्हणताना हे ठाऊक नसतं. अनेकदा त्या मुलीलाही नसतं.

यावर मला माहीत असलेला एकच खरा उपाय म्हणजे पहिल्या महिन्यापासून लिहिणं. वाचलेल्या प्रत्येक प्रबंधावर अर्धं पान, क्षेत्रभेटीहून आल्यावर त्याच रात्री डायरी. ‘आधी सगळं गोळा करू, मग लिहू’ म्हणणारे शेवटच्या वर्षी कागदांच्या ढिगापुढे बसतात आणि कोणता कागद कशासाठी आणला होता तेच आठवत नाही. दुसरं म्हणजे महिन्यातून एकदा दोन-तीन संशोधकांनी एकत्र बसून एकमेकांची पानं वाचणं. विषय वेगळे असले तर उत्तमच. रसायनशास्त्रवाल्याला तुमचा कांदा समजला तर तो परीक्षकालाही समजेल.

चोरी

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार इतरांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. त्यापुढे ४० पर्यंत प्रबंध सुधारून सहा महिन्यांत पुन्हा द्यावा लागतो, ६० पर्यंत वर्षभर देता येत नाही, त्याहून वर नोंदणीच रद्द होते. आपल्याकडे या टक्क्यांचीच चर्चा होते आणि शब्द फिरवून टक्के कमी करून देणारेही भेटतात. इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद करून तो आपला म्हणून घातला, तर सॉफ्टवेअरला तो बहुधा सापडणार नाही. ती चोरीच राहते, आणि त्या विषयातला जाणकार परीक्षक पहिल्या दोन पानांत ओळखतो.

प्रबंध दिल्यानंतर

प्रबंध गाईडसोबत किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो. दोघांचे अहवाल अनुकूल आले की व्हायवा. एकाने नाकारला तर तिसऱ्याकडे पाठवतात. हे सगळं सहा महिन्यांत व्हावं असा नियम आहे. व्हायवा खुली असते. विभागातले शिक्षक, इतर संशोधक, कोणीही बसून प्रश्न विचारू शकतं. तिथे नव्याने काही सिद्ध करायचं नसतं. ‘हे दोनच तालुके का?’, ‘चाळ नसलेल्यांना वेगळं का मोजलं?’ अशा प्रश्नांना उत्तरं द्यायची असतात, आणि स्वतः प्रश्न घडवलेल्या माणसाला ती पाठ करावी लागत नाहीत. स्वतःची होण्याआधी एकदा दुसऱ्या कोणाची व्हायवा ऐकून या, भीती निम्मी होते.

पदवी मिळण्याआधी प्रबंधाची प्रत शोधगंगेवर जाते आणि पुढचा कोणी विद्यार्थी ती उघडून तुमचं पद्धतीचं प्रकरण वाचतो.

नोकरीचं स्पष्ट सांगून थांबते. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी नेट किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा) ही किमान पात्रता आहे, पीएचडी ऐच्छिक. सहयोगी प्राध्यापक होण्यासाठी मात्र पीएचडी लागतेच. केवळ महाविद्यालयात लागायचं एवढाच हेतू असेल तर आधी नेट-सेटचा अभ्यास करा, त्यात कमीपणा नाही. आणि गल्लीतला एखादा ‘असं का?’ तुम्हाला खरोखर स्वस्थ बसू देत नसेल, तर फॉर्म भरण्याआधी तो एका पानावर लिहून काढा आणि ते पान घेऊन गाईडकडे जा.